नागपूरचा बेत आणि पेठकर सर

पेठकर सरांनी अकराव्यांदा सोंगटी आडवी केली, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडाने एवढंच म्हणाले, "आता रेल्वेचं काय वाईट आहे, सर?"

"रेल्वे वाईट नाही गं," सर शांतपणे म्हणाले. "पण ती नागपूरला पोचते संध्याकाळी. अंधार पडलेला असणार. नवीन गाव. आपल्याला ना रस्ते माहीत, ना माणसं."

"नागपूर हाय सर ते," इक्बाल म्हणाला. "जंगल न्हाई. दिवं असत्यात तिथं."

"डिसेंबरात थंडीही फार असते म्हणे."

"ते तुम्ही मागच्या रविवारी म्हणालात," मी म्हटलं. "म्हणून तर तेजलने हॉटेल बदललं. गरम पाणी आहे का, जाड पांघरुणं आहेत का, सगळं फोन करून विचारलं तिने."

सरांनी मान हलवली. सोंगटी आडवीच राहिली.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडला माझं औषधांचं दुकान आहे. रविवारी दोन वाजता मी शटर ओढायची आणि तीन वाजता वरच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये सतरंजी टाकून आम्ही चौघं बोर्ड गेम खेळायला बसायचो. लोकांना वाटायचं आम्ही पत्ते कुटतो. शेजारच्या कापडवाल्या काकूंनी तर एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "जुगार नाही ना गं?" त्यांना काय सांगणार, की चार शहाणीसुरती माणसं चार चार तास लाकडाच्या ठोकळ्यांवरून भांडतात म्हणून.

चौघं म्हणजे मी, ज्योत्स्ना. स्टँडमागे टेलरिंगचं दुकान असलेला इक्बाल मुजावर. विमा कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी तेजल बाबर, आमच्यात सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची. आणि दिगंबर पेठकर सर. सर तेव्हा सदुसष्टचे. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यापासून घरात एकटे. नववीत त्यांनी फेकलेले खडू मी झेललेले आहेत, त्यामुळे मला त्यांच्यावर धड ओरडताही यायचं नाही. हीच तर मोठी पंचाईत होती.

खेळ पाहायचे, नवे विकत घ्यायचे, अनोळखी लोकांशी खेळायचे, तर वर्षातून एकदा मोठा मेळावा भरायचा. सात वर्षं तो पुण्यात भरत होता. पहाटेची एसटी धरायची, दिवसभर खेळायचं, संध्याकाळच्या गाडीने परत. त्या वर्षी आयोजकांनी जाहीर केलं, मेळावा नागपूरला. आणि नेमकं त्याच वर्षी आम्हाला पहिल्यांदा टेबल मिळालं.

टेबल म्हणजे काय ते सांगते. सरांनी स्वतः एक खेळ रचला होता, 'पाटाचं पाणी'. एक पाट, त्यावर ओळीने चार शेतं, चौघं खेळणारे. पाण्याची पाळी आली की शेताचं दार उघडून पाणी घ्यायचं, नाहीतर पाळीची चकती पुढच्यासाठी राखून ठेवायची. शेवटी ज्याचं पीक जास्त तो जिंकला. सहा वर्षं आम्ही त्यावर काम करत होतो. इक्बालने कापडाचा पट शिवला होता, निळ्या सॅटिनचा पाट लावून. मी सोंगट्या आणि चकत्या रंगवल्या होत्या. तेजलने पत्ते छापून आणले होते. आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता, अर्धा तास, म्हैसूरच्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या बाई आमच्या टेबलावर बसून तो खेळणार होत्या. त्यांना आवडला तर तो खेळ पेटीत घालून देशभर जाणार होता. अट एकच होती. ज्याने खेळ रचला त्यानेच तो मांडायचा. सर नाहीत तर टेबल नाही.

आणि सर काही हलेनात.

आमच्यात एक रीत होती, ती काढलीही होती सरांनीच. आज काय खेळायचं ते ठरवताना प्रत्येकाने आपली सोंगटी पटावर ठेवायची. उभी म्हणजे हो. आडवी म्हणजे नाही. एकाचीही आडवी पडली तर बेत रद्द, आणि कारण विचारायचं नाही. मन नसलेल्या माणसाला ओढून खेळायला बसवलं की तो सगळ्यांचा डाव नासवतो, असं सरांचं म्हणणं. सात वर्षं रीत छान चालली. नागपूरने तिची वाट लावली.

एसटीचं म्हटलं, तर सरांचे गुडघे. खासगी बसचं म्हटलं, तर ते ड्रायव्हर बेफाम चालवतात. इक्बालच्या मेहुण्याची गाडी ठरवली, तर एवढ्या लांब एकट्याने चालवून त्याला डुलकी लागली म्हणजे? हॉलजवळचं हॉटेल नको, कारण रस्त्याचा आवाज. लांबचं नको, कारण सकाळी रिक्षा मिळाली नाही तर? बरं, त्या दिवशी मी तोंड उघडलं ते सोडलं तर कारण कुणी विचारत नव्हतं. रीतीप्रमाणे आम्ही मूग गिळून गप्प बसायचो. सरच आपणहून एकेक कारण काढून समोर ठेवायचे, आणि आम्ही मूर्खासारखे आठवडाभर त्यावर तोडगा शोधायचो. तोडगा निघाला की पुढच्या रविवारी नवीन कारण तयार. तेजल प्रत्येक वेळी कॉम्प्युटरवर तक्ता करून आणायची, कुठली गाडी, किती तास, कुठे बदल. तिच्या फायलीत असे अकरा तक्ते झाले होते.

"सरांना यायचंच नाही," त्या रविवारी सर गेल्यावर मी इक्बालला म्हणाले.

"असं कसं, ताई? जीव हाय त्यांचा त्यात."

"मग माशी शिंकतेय कुठे?"

"म्हातारं माणूस हाय. नव्या गावाला घाबरत आसतील."

"सदुसष्ट म्हणजे काय म्हातारं? माझे वडील सत्तराव्या वर्षी काशीला जाऊन आले."

इक्बाल सतरंजी गुंडाळायला लागला. त्याचा सगळ्यांवर विश्वास असतो, म्हणून तर त्याच्याकडे अर्धं गाव कपडे टाकून वर्षभर न्यायला येत नाही.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी आयोजकांची मेल आली. पत्रव्यवहार सगळा माझ्याच नावाने होता. येणार असाल तर आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवा, नाहीतर टेबल सोडा, यादीत थांबलेले लोक आहेत. मी दुकानात काउंटरवर उभी होते. समोर एक बाई खोकल्याचं औषध मागत होत्या, त्यातही त्यांना साखर नसलेलं हवं, कडू नसलेलं हवं आणि झोप न आणणारं हवं. त्यांना वाटेला लावलं, दोन वाजता शटर ओढलं आणि तिथेच उभ्या उभ्या मेल लिहिली. आमच्या काही अडचणींमुळे आम्ही येऊ शकत नाही. टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं. दोन वाजून दहा मिनिटांनी पाठवली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तीन महिन्यांचा डोक्याला ताप एका बोटाने गेला. चौघं जमलो की सरांना चांगलं ऐकवायचं, असं ठरवूनच मी वर गेले.

पण तीन वाजता बसल्या बसल्या सरच म्हणाले, "आज मला आधी बोलू द्या. माझी कारणं संपली."

आम्ही तिघं बघतच राहिलो.

"पट मांडा. इक्बाल, तू पहिल्या शेतावर बस. ज्योत्स्ना दुसऱ्या, तेजल चौथ्या. मी तिसऱ्यावर बसतो. आता मला जिंकू देऊ नका."

खेळलो. वीस मिनिटांत सर जिंकले. म्हणाले, पुन्हा. पुन्हा तेच जिंकले. तिसऱ्या डावाला आम्ही तिघांनी उघड उघड संगनमत केलं, पाणी अडवलं, पाळ्या मुद्दाम वाया घालवल्या, सगळं केलं. सर पहिल्या दोन फेऱ्या दार बंद ठेवून चकत्या साठवत राहिले आणि शेवटच्या फेरीत सगळा पाट त्यांच्या शेतात गेला.

"तिसरा नेहमी जिंकतो," सर म्हणाले. "बाकीच्यांनी काहीही केलं तरी. त्याला फक्त चकत्या साठवायचं सुचलं पाहिजे. खेळ मोडका आहे. त्या म्हैसूरच्या बाईंना दुसऱ्या डावात कळेल."

"केव्हा लक्षात आलं तुमच्या?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत."

"पण सर," तेजल म्हणाली, "दोन वर्षांत तुम्ही तर एकदाही..." आणि ती थांबली.

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांत सर स्वतःचाच खेळ एकदाही जिंकले नव्हते. आम्ही किती टिंगल केली असेल त्यावरून. इक्बाल म्हणायचा, सर, बी-बियाणं उसनं देऊ का? मी तर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले होते, सर, गणित आता विसरलात की काय. आणि सर हसायचे. तिसरं शेत वाट्याला आलं की मुद्दाम जास्तच वाईट हरायचे.

"मी एकट्याने खूप प्रयत्न केला," सर सांगत होते. "पाच वह्या भरल्या. एका ठिकाणी दुरुस्त केलं की दुसरीकडे बिघडतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. इक्बालने पट शिवला, तू रंगवलंस, हिने छापून आणलं. माझ्याकडून काय होतं त्यात? नुसतं गणित. तेच चुकलं. आणि खेळ मोडका आहे म्हटल्यावर तुम्ही रविवारी कशाला आला असतात?"

इक्बाल पटाची कड बोटाने सरळ करत बसला. मग तेजल म्हणाली, "पुणं असतं तर वेळच मिळाला नसता. इथून नागपूर पंचवीस-सव्वीस तास आहे. चौघं आहोत. गाडीत बसून दुरुस्त करू. गुरुवारचं तत्काळ मी काढते."

"जमेल?" सरांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी त्यांची पत्नी गेल्यापासून पाहिला नव्हता.

"न जमायला काय झालं?" इक्बाल म्हणाला आणि त्याने आपली सोंगटी उभी केली. तेजलने केली. सरांनी पण उभी केली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण नाही झालं माझ्याने. मी माझी सोंगटी उभी केली.

ते गेल्याबरोबर धावत खाली येऊन आयोजकांना दुसरी मेल केली, चूक झाली, आम्ही येतोय म्हणून. लगेच उत्तर आलं. टेबल दुसऱ्यांना दिलेलं आहे. आता काही सांगता येत नाही, आलात तर तिथे येऊन विचारा. म्हणजे मी चौघांना सव्वीस तास बसवून कुठे नेत होते, तर कुठेच नाही. बुधवारी तेजलने सकाळी कॉम्प्युटरपुढे ठाण मांडून येण्याजाण्याची तिकिटं काढली. मला फोन करून म्हणाली, "ताई, मिळाली बघा!" मी म्हटलं, "वा." दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी संध्याकाळी गाडीत बसलो. शुक्रवारी सकाळी जळगाव गेल्यावर खालच्या बाकावर पट अंथरला आणि दुरुस्ती सुरू झाली. सरांच्या पाच वह्या बाहेर आल्या. चकत्या कमी करून पाहिल्या, वाढवून पाहिल्या, शेतांची अदलाबदल केली. तिसरा जिंकायचा थांबला की पहिला जिंकायला लागायचा. भुसावळ गेलं, मलकापूर गेलं. तेजलने डोकं धरलं. मी तर आधीच वैतागलेली.

अकोल्याच्या अलीकडे इक्बाल म्हणाला, "सर, एक इचारू का? पाळी साठवायची कशी?"

"म्हणजे?"

"आमचं शेत पाटाच्या शेपटाला हाय. माझा बाप सत्तर वर्सं पाणी धरतोय. पाळी कुणी साठवू देतंय व्हय? तुमची पाळी आली न् तुम्ही दार उघडलं न्हाई, तर पाणी थांबतंय का तुमच्यासाठी? ते खालच्या शेतात जातंय. तुमचं गेलं ते गेलं."

सरांनी हातातली वही मिटली. "मग तू सहा वर्षं बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, खेळात तसं आसतंय. तुम्ही गणिताचं मास्तर."

न घेतलेली पाळी खालच्याला. एवढाच नियम. तीन डाव खेळलो, तीन वेगवेगळी माणसं जिंकली. चौथ्या डावाला समोरच्या बाकावरचे आजोबा खेळायला बसले आणि तेच जिंकले. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "उद्या अकरा वाजता," एवढंच म्हणाले.

मग मात्र मला राहवेना. वर्धा जवळ आलं होतं. मी म्हटलं, "सर, उद्या अकरा वाजता आपलं टेबल नाही."

सगळं सांगितलं. इक्बालने कपाळावर हात मारला. तेजल म्हणाली, "ताई!" आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसली. सरांनी पटाची घडी घालून बाजूला ठेवली.

"कधी पाठवलीस मेल?"

"रविवारी. तुम्ही यायच्या आधी."

"म्हणजे पाच दिवस झाले."

माझं तोंड कुठलं गप्प बसायला. "तुम्ही दोन वर्षं सांगितलं नाहीत, सर."

"हो," सर म्हणाले. "पाच दिवस झोप लागली का तुला?"

मी नाही म्हटलं. मला रडू आलं. आणि खरं सांगते, रागही आला, कारण तो माणूस मला एक शब्द लागेल असं बोलला नाही. बोलला असता तर सोपं गेलं असतं.

शनिवारी सकाळी नऊलाच सर हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागे मागे गेले. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं मी, की चूक माझी आहे, या माणसाचा काही दोष नाही. टेबलांची यादी घेऊन एक मुलगी बसली होती. तिने नाव शोधलं आणि म्हणाली, "पण सर, टेबल तर तुम्हीच सोडलंत. इथे मेल आहे."

मी पुढे होणार, तोच सर म्हणाले, "हो, बेटा. माझ्याकडून घाई झाली."

सरांकडून. घाई. तीन महिने ज्याने आम्हाला जागचं हलू दिलं नाही, तो माणूस सरळ उभा राहून, अजिबात न अडखळता हे म्हणाला. माझं पाठ केलेलं सगळं वायाच गेलं.

त्या मुलीने दोन ठिकाणी विचारलं. एक टेबल रिकामं होतं, गोव्याची मंडळी येणार नव्हती. पण ते रविवारी दुपारी चारचं. म्हैसूरच्या बाई तोपर्यंत थांबणार होत्या.

सर माझ्याकडे वळले. "आपली परतीची गाडी केव्हा आहे?"

"रविवारी सकाळी अकरा."

"मग ती रद्द कर."

"सर, पुन्हा तिकिटं मिळणार नाहीत. सोमवारी माझं दुकान, इक्बालची लग्नसराई, तेजलचं ऑफिस..."

"कर गं रद्द," सर म्हणाले. "कसंही जाऊ."

मी मुकाट्याने तेजलला फोन करून ती रद्द करायला लावली.

रविवारी चार वाजता त्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पहिल्या शेतावर इक्बाल, दुसऱ्यावर तेजल, चौथ्यावर त्या बाई. तिसऱ्या शेतावर सर आपणहून बसले. मी खुर्चीमागे उभी राहिले. सर बाह्या सरसावून, पुढे वाकून, एकेका चकतीवर विचार करत खेळत होते. असं खेळताना मी त्यांना दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. बाईंचं पाणी तोडायला त्यांनी काही म्हणता काही बाकी ठेवलं नाही. एकदा तर इक्बालवर चिडले, पाणी उगाच खाली का सोडलंस म्हणून. डिसेंबरच्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

शेवटच्या फेरीत बाईंचं पीक सरांच्या पिकापेक्षा एकाने जास्त भरलं. सरांनी पुन्हा मोजलं. बोटाने एकेक सोंगटी सरकवत, हळूहळू, दोनदा मोजलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे.

"तिसऱ्यावर बसून हरलो गं मी," ते म्हणाले.